कमळूने बांधलेलं वजन

कमळूला कुणी विचारलं, काय करतोस रे तू, तर तो सांगायचा, गवत काढतो. खोटं नव्हतं. शेणवे गावाच्या अलीकडे रस्ता सोडून आत गेलं की एक लांबरुंद माळ लागतो, आणि त्या माळावर एका क्लबाने गाड्यांच्या शर्यतीसाठी डांबरी ट्रॅक बांधलाय. ट्रॅकच्या कडेचं गवत कापणं, गटारं मोकळी ठेवणं, वळणांवर जुन्या टायरांच्या भिंती रचणं, म्हशी आत घुसू न देणं, हे सगळं कमळूच्या अंगावर. शर्यतीच्या दिवशी शहरातली माणसं काळे चष्मे लावून यायची आणि त्याला कधी काका म्हणायची, कधी ए भाऊ. त्याला दोन्ही चालायचं. गवताचं सांगून झालं की मात्र, कुणी विचारो न विचारो, तो पुढचं सांगायचाच: ती निळी गाडी चालवतो ना, तो माझा पोरगा.

हे ऐकून समोरचा आधी कमळूच्या पायातल्या चपलांकडे बघायचा आणि मग हसायचा. कमळूला त्याचा राग यायचा नाही. रागीट माणूस नव्हताच तो. घाबरट होता, आणि मुलाच्या बाबतीत तर पार भित्रा. त्याला कारणही तसंच होतं.

त्याचं गाव मुरबाड तालुक्यातलं, सिद्धगडाच्या जंगलाला टेकलेलं. खाली भाताची थोडी खाचरं, वर उतारावर नाचणी आणि वरी. किशोर त्याचा एकुलता एक. बारावी झाला आणि गावातली बाकीची पोरं गेली तसा तोही भिवंडीकडच्या एका गोदामात कामाला गेला. खोकं उचलायचं, पट्टी चिकटवायची, ठेवायचं, पुढचं उचलायचं. तिथे त्याला कुणी मारलं नाही की छळलं नाही. तरी वर्षभराने तो घरी आला तो बोलेनासा होऊनच. भिंतीकडे तोंड करून पडून राहायचा. उठवला तर दोन घास खायचा आणि पुन्हा आडवा व्हायचा. त्याच्या आईने, बाईजाने, एक दिवस घरातले सगळे दोर गुंडाळून शेजारच्या घरी नेऊन ठेवले. कमळूला काही सांगितलं नाही. कमळूच्या ते लक्षात आलं, आणि त्यानेही तिला काही विचारलं नाही. त्यानंतर नवराबायको आळीपाळीने घरी थांबायला लागली.

ट्रॅकवरचं काम लागलं तेव्हा कमळू किशोरला बरोबर घेऊन गेला, ते घरात एकटा नको म्हणून. टायर रचायला हात लागेल, असं त्याने क्लबच्या साहेबांना सांगितलं. किशोर मुकाट्याने टायर रचायचा. एकदा कुणीतरी गमतीने त्याला जुन्या गाडीत बसवलं. त्या दिवशी तो गाडीतून उतरला आणि बापाशी बोलला, जेवतानाही बोलत राहिला, आणि कमळू भाकरी मोडायची विसरून ऐकत बसला. चार वर्षं झाली त्याला. पोरगा क्लबाचीच एक निळी गाडी चालवायला लागला, जिंकायला लागला, आणि घरी आला की आईला चिडवायलाही लागला.

कमळूला शर्यतीतलं फारसं काही कळत नव्हतं. पोरगा बोलतोय, एवढं कळत होतं. हे बंद पडलं तर काय होईल, हेही कळत होतं.

यंदा बंद पडायची वेळ आली होती. दक्षिणेतला एक मोठा संघ दरवर्षी या क्लबातून एक ड्रायव्हर उचलायचा आणि वर्षभर स्वतःची गाडी द्यायचा. पंचविशी उलटलेला मुलगा ते घेत नसत. किशोरची पंचविशी चैत्रात भरत होती. क्लबालाही त्याच्यानंतरची पोरं तयार करायची होती, तेव्हा निळी गाडी पुढच्या साली दुसऱ्याला मिळणार, हे साहेबांनी त्याला आधीच सांगितलं होतं. सालातल्या बाकीच्या सगळ्या शर्यती झाल्यावर किशोर आणि शहापूरचा साईनाथ असे दोघे बरोबरीत उरले. फेब्रुवारीतली शेवटची शर्यत राहिली होती. तिच्यात दोघांपैकी जो पुढे, तो दक्षिणेत जाणार. साईनाथला अजून दोन-तीन वर्षं होती. किशोरला हीच एक शर्यत होती, आणि मग गोदाम.

साईनाथ वाईट पोरगा असता तर बरं झालं असतं. पण तो येता-जाता कमळूच्या पाया पडायचा, त्यामुळे त्याच्या नावाने बोटं मोडायचीही सोय नव्हती.

आता अडचण काय होती ते सांगायला हवं. किशोर साईनाथपेक्षा हळू नव्हता. एकटा पळाला की उलट काकणभर जोरातच. पण साईनाथच्या पिवळ्या गाडीच्या मागे लागला, की ट्रॅकच्या त्या लांब वळणावर त्याची गाडी ऐकेनाशी व्हायची. नाक आत वळवायला जावं तर गाडी सरळ बाहेर घसरायची. मग त्याला ॲक्सिलरेटरवरचा पाय काढावा लागायचा. वळण संपून सरळ रस्ता लागेपर्यंत साईनाथ लांब गेलेला असायचा. जानेवारीतल्या शर्यतीत हे असं सतत झालं. कमळू त्याच वळणावर झेंडेवाल्यांच्या मागे विळा घेऊन उभा होता आणि दर फेरीला आपलाच पाय घसरावा तसा दचकत होता.

शर्यतीनंतर त्याने भूमिकाला गाठलं. भूमिका म्हणजे निळ्या गाडीची इंजिनियर. बदलापूरची, शिकलेली, बोलायला मोकळी. कमळू तिला ताई म्हणायचा आणि ती त्याला काका. तिने त्याला गाडीजवळ नेलं आणि पुढचा-मागचा पंख दाखवला. विमानाचा पंख विमानाला वर उचलतो, हा उलटा लावलाय, म्हणून हवा गाडीला खाली दाबते, असं तिने सांगितलं. गाडी जितकी जोरात तितका दाब जास्त. त्या दाबानेच टायर डांबराला धरतात आणि गाडी एवढ्या वेगात वळते. पण पुढे दुसरी गाडी असली की ती हवा फाडून, घुसळून मागे टाकते. ती विस्कटलेली हवा मागच्याच्या पंखाला लागते आणि दाब जातो, पुढच्या चाकांवरचा तर जास्तच. सरळ रस्त्यावर मात्र त्याच हवेचा फायदा होतो. पुढच्याने वाट फोडलेली असते, मागचा तिच्यात ओढला जातो.

कमळूने हे सगळं ऐकून घेतलं आणि त्याला ते एका दमात समजलं, कारण त्याला आपली फळी आठवली. भात लावायच्या आधी चिखल सपाट करायला बैलांच्या मागे जाड फळी ओढतात. रिकामी फळी चिखलावरून नुसती घसरत जाते, कुणी वर उभं राहिलं तरच ती चिखलाला धरते. लहानपणी त्या फळीवर कमळू उभा राहायचा. पुढे किशोर उभा राहिला, बापाचं कंबरेचं फडकं धरून. म्हणजे गाडीवर हवेचं माणूस उभं असतं, आणि साईनाथच्या मागे गेलं की ते उतरून जातं. त्याने हे भूमिकाला सांगितलं तेव्हा ती खूश झाली आणि म्हणाली, काका, अगदी बरोबर. ती तसं म्हणाली नसती तर पुढचं सगळं टळलं असतं, असं आपलं मला वाटतं.

भूमिकाने किशोरला उपाय सांगितला होता. लांब वळणाच्या आधी जाणूनबुजून थोडा मागे राहा, स्वच्छ हवेत वळण नीट घे, बाहेर पडताना जोर ठेव आणि मग सरळ रस्त्यावर त्याच्या मागच्या हवेत शिर. शहाणपणाचं बोलणं होतं ते. पण किशोरला ते पटत नव्हतं. त्याला वाटायचं, एकदा सोडला की गेला. आणि कमळूच्या कानात त्यातले दोनच शब्द राहिले, मागे राहा. सगळी हयात त्याने हेच ऐकलं होतं. दवाखान्यात, तहसीलीत, एसटीच्या दारात, जिथे जावं तिथे कुणीतरी त्याला मागे राहायला सांगायचं आणि तो राहायचा. आता पोराच्या शेवटच्या शर्यतीतही तेच, म्हणून त्याचं डोकं फिरलं. मनातल्या मनातच फिरलं, कारण तोंडाने बोलायची त्याला सवय नव्हती.

किशोर आश्रमशाळेत राहायला गेला त्या साली फळीवर उभं राहायला कुणी नव्हतं. तेव्हा कमळूने काय केलं होतं? ओढ्यातला एक मोठा धोंडा उचलून फळीवर ठेवला होता. फळीने चिखल धरला होता. हवेचं माणूस उतरून जातं ना, जाऊ दे. आपण न उतरणारं वजन ठेवू.

कल्पना डोक्यात शिरली ती शिरलीच. क्लबाच्या गाड्या तपासताना वजन कमी भरलं तर सीटखाली शिशाच्या पट्ट्या लावतात, हे त्याने डोळ्यांनी बघितलं होतं. म्हणजे वजन घालणं हा काही गुन्हा नव्हे, असा त्याने स्वतःपुरता निकाल लावला. शर्यतीच्या आधीच्या आठवड्यात तो सरळगावची एसटी धरून गावी गेला, माळ्यावरून मासे मारायचं जाळं काढलं आणि ओटीवर बसून त्याच्या कडेच्या शिशाच्या गोळ्या एकेक करून कापल्या. बाईजा चुलीपाशी होती. तिने विचारलं, जाळ्याचं काय करताय, पावसात मासे कशाने धरणार. नदीत आता मासे कुठे राहिले गो, असं तो म्हणाला आणि पुन्हा कापायला लागला. भावाचंही जाळं पडून होतं, त्याचंही शिसं काढलं. सगळं एका जुन्या लुगड्याच्या तुकड्यात बांधलं. हातात धरून बघितलं तर चांगलं जड लागलं. त्या रात्री त्याला पडल्या पडल्या झोप लागली, कित्येक आठवड्यांनी.

शर्यत दुपारची होती. सकाळी तपासणी झाली, गाड्यांची वजनं झाली, आणि मग सगळी माणसं मांडवात जेवायला गेली. निळ्या गाडीचं नाक रंगाचा एक ओरखडा पुसायला सैल करून ठेवलेलं होतं. कमळू फडकं घेऊन गेला. कुणी बघितलं असतं तरी गवत काढणारा कमळू गाडी पुसतोय, एवढंच दिसलं असतं. नाकाच्या आत, पुढच्या पंखाला धरणाऱ्या दोन पट्ट्या खाली उतरत होत्या. त्या पट्ट्यांना त्याने गाठोडं तारेने आवळून बांधलं. कुडाच्या भिंती बांधताना जशी बांधतो, तशी दुहेरी तार, पिळून. हलवून बघितलं, हललं नाही. मग नाकावर हात फिरवून तो जेवायला गेला, आणि पोटभर जेवला.

किशोर निघण्याआधी बापाकडे आला होता. पाया पडला आणि म्हणाला, "आबा, आज नाय झालं तर मला काय बोलू नको हां. घरी पण कुणाला बोलू देऊ नको." कमळू म्हणाला, "आज होईल." पोराने त्याच्याकडे जरा चमकून बघितलं, कारण असं ठाम बोलताना त्याने बापाला कधी ऐकलं नव्हतं.

शर्यत सुटली. साईनाथ पहिला, किशोर त्याच्या मागे, बाकीचे लांब. कमळू आपल्या नेहमीच्या जागी, लांब वळणावर. पहिल्या फेरीला दोन्ही गाड्या आल्या, किशोर पिवळ्याच्या शेपटीला चिकटलेला. कमळूने श्वास धरला. आता धरेल, आता नाक आत जाईल. नाक आत गेलं नाही. गाडी आधी घसरायची त्याहून बाहेर घसरली, पार ट्रॅकच्या कडेच्या खडबडीत उंचवट्यावर गेली, खडखड वाजली आणि कशीबशी परत आली.

पहिली फेरी आहे, टायर गार असतील, असं कमळूने स्वतःला समजावलं. दुसऱ्या फेरीला तेच झालं. तिसऱ्या फेरीला त्याने नाकाकडेच बघितलं. सरळ रस्त्यावर साईनाथचं नाक स्थिर होतं आणि किशोरचं नाक मान डोलावल्यासारखं खालीवर होत होतं. गाड्या गेल्या तरी तो तिकडेच बघत राहिला. मग विळा तिथेच टाकून तो गवतातून चालायला लागला, आणि थोड्या वेळाने पळायला.

पिटच्या, म्हणजे गाड्या थांबवून दुरुस्त करतात त्या जागेच्या, कठड्यापाशी भूमिका घड्याळ घेऊन उभी होती. कपाळाला आठ्या. नाक खाली का गेलंय, असं ती स्वतःशीच पुटपुटत होती. कमळू तिच्या शेजारी जाऊन उभा राहिला. सरळ विचारायची हिंमत नव्हती म्हणून त्याने आडून विचारलं, की ताई, हवेचं वजन जातं तर त्याच्या जागी खरं वजन घातलं तर. भूमिकाने ट्रॅकवरची नजर काढली नाही. "नाही काका. खरं वजन वळणात बाहेर ओढतं. त्यालाही वळवावं लागतं ना. हवा दाबते, पण तिचं ओझं नसतं. तीच तर सगळी गंमत आहे."

कमळूला तिथल्या तिथे आठवलं. बांध जवळ आला, फळी वळवायची वेळ झाली, की त्याचा बाप ओरडायचा, उतर. दरवेळी उतरायला लावायचा. कारण वर कुणी असलं तर फळी वळत नसे, तिरकी होऊन बांधात घुसायची. आणि तो धोंडा त्याने स्वतःच्या हाताने दर बांधाला उचलून खाली ठेवला होता, पुन्हा चढवला होता. पाठ मोडून गेली होती त्या साली. एवढं सगळं अंगाने केलेलं, आणि नेमकं तेवढंच तो विसरला होता.

"आणि पुढे तर मी हातसुद्धा टेकवू देत नाही कुणाला," भूमिका बोलतच होती. "पंख दोन पट्ट्यांवर आहे नुसता. तो सुटला ना, तर सरळ रस्त्याच्या शेवटी गाडी वळणारच नाही."

सरळ रस्त्याच्या शेवटी काय आहे ते कमळूला तिने सांगायची गरज नव्हती. तिथे टायरांची भिंत होती. ती त्यानेच रचली होती. मागच्या पावसात माती खचली आणि जागा कमी पडली, म्हणून तिथे टायरांच्या दोनच रांगा बसल्या होत्या, आणि त्यांच्या मागे मुरमाचा कडा होता. साहेबांना सांगायचं राहून गेलं होतं.

आता सांगावं. तोंड उघडलं की झालं. ते काळा झेंडा दाखवतील, मधे केशरी गोल असलेला, म्हणजे तुझ्या गाडीत बिघाड आहे, आत ये. किशोर आत येईल. ती तार सोडवेपर्यंत शर्यत संपलेली असेल. मग पोरगा घरी येईल, भिंतीकडे तोंड करेल. कमळूला ती भिंत दिसली, तिच्यावरचा शेणाचा हात दिसला. आणि सांगितलं नाही तर? तार त्याने घट्ट बांधली होती. पट्ट्या एवढा वेळ टिकल्या, अजून थोडा वेळ टिकतील. कोण म्हणतो तुटतीलच म्हणून. त्याने मनातल्या मनात गावच्या देवाला साकडं घातलं, मग सिद्धगडावरच्या देवाला, मग ज्यांची नावं आठवली त्या सगळ्यांना. इतकी माणसं आजूबाजूला उभी होती आणि हे विचारावं असं एकही माणूस त्याला नव्हतं. बाईजाला फोन लावावा असंही त्याच्या मनात येऊन गेलं. काय विचारणार होता तो तिला?

तेवढ्यात भूमिका म्हणाली, "राहिला. मागे राहिला."

किशोरने अखेर तिचं ऐकलं होतं. वळण बाहेरच्या बाहेर जातंय हे बघून म्हणा, की दुसरा काही इलाजच उरला नाही म्हणून म्हणा, लांब वळणाच्या आधी त्याने अंतर सोडलं. स्वच्छ हवेत गाडी वळली. अडखळत वळली, पण वळली. आणि सरळ रस्त्यावर तो पिवळ्या गाडीच्या मागे असा ओढला गेला की माणसं कठड्यावर चढली. त्या फेरीला जमलं नाही, अगदी थोडक्यात राहिलं. पुढच्या फेरीला जमणार हे लहान मुलालाही दिसत होतं. शेवटच्या फेऱ्यांचा फलक लागला होता.

भूमिका हसत होती, साहेब टाळ्या वाजवत होते, आणि गाडी समोरून जाताना कमळूने नाक बघितलं. आता ते डोलत नव्हतं. एका अंगाला कलून थरथरत होतं.

"ताई," तो म्हणाला, "नाकात मी शिसं बांधलंय."

तिला ऐकू गेलं नाही, गाड्यांचा आवाज होता. एकदा बोलून झालं होतं, देवाने ते ऐकू जाऊ दिलं नव्हतं, आता गप्प बसलं तरी चाललं असतं, असंही त्याच्या मनात आलं. खोटं कशाला सांगा, आलं. मग त्याने तिचा दंड धरला, ज्या बाईच्या अंगाला त्याने कधी चुकून हात लावला नव्हता तिचा, आणि मोठ्याने सांगितलं, "पट्ट्यांना बांधलंय. तारेने. बोलवा त्याला. बोलवा आत."

भूमिकाने एक क्षण त्याच्याकडे बघितलं, वेडा आहे का हा, असं. मग ती झेंडेवाल्यांकडे धावली.

दोन्ही गाड्या लांब वळणातून बाहेर पडल्या. किशोर अंतर राखून आला, मग पिवळ्याच्या मागच्या हवेत शिरला, मग बाहेर निघाला आणि बाजूला आला. साईनाथने आपली जागा सोडली नाही, पण आडवाही आला नाही. कठड्यासमोरून जाताना निळी गाडी पुढे होती. अर्ध्या गाडीने असेल, पण पुढे होती. सगळी माणसं ओरडली. आणि त्याच वेळी काळा झेंडा बाहेर आला, खाली किशोरचा नंबर.

कमळू सरळ रस्त्याच्या शेवटाकडे बघत राहिला. निळी गाडी तिथे पोचली, हळू झाली, वळली. पोराने झेंडा बघितला होता. सबंध फेरी तो संथ चालवत आला, हात वर करून, आणि साईनाथ त्याच्या शेजारून निघून गेला, मग बाकीचेही एकेक करून गेले.

गाडी पिटमध्ये थांबली. भूमिकाने नाक उतरवलं, तार कापली आणि गाठोडं जमिनीवर ठेवलं. लुगड्याचं फडकं फाटून शिशाच्या गोळ्या इकडे तिकडे घरंगळल्या. साहेब काहीतरी मोठ्याने बोलत होते, कुणाला ते कमळूला कळलं नाही. भूमिकाने दोन्ही पट्ट्या बोटांनी चाचपल्या. एक पट्टी वाकली होती आणि तिच्यावर केसाएवढी रेघ होती. रंगाची रेघ की भेग, ते तिलाही सांगता येईना. टिकली असती कदाचित, ती म्हणाली. कदाचित नसतीही.

बाहेर शर्यत संपल्याचा गलका झाला. साईनाथचं नाव कर्ण्यावर पुकारलं जात होतं.

किशोर हेल्मेट मांडीवर घेऊन पिटमागच्या टायरांवर जाऊन बसला. ते गाठोडं कुणाचं, हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती. लहानपणापासून त्याने जाळ्यासकट ते शिसं पाण्यात फेकलं होतं. कमळू त्याच्यासमोर जाऊन उभा राहिला. का बांधलंस, असं पोरगा विचारणार, म्हणून त्याने उत्तर तयार ठेवलं होतं. फळीचं सांगणार होता, धोंड्याचं सांगणार होता, मला अक्कल नाही रे, मार मला दोन, असंही म्हणणार होता. पोराने खरंच दोन थोबाडीत दिल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं.

"आबा, मी पुढं गेलेलो," किशोर म्हणाला.

"हां."

"तुला दिसलं?"

"दिसलं."

"मंग तू बोल्लास कशाला?"

आवाज चढलेला नव्हता. राग असता तर कमळूला कळला असता. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"पट्टी तुटली असती रे," कमळू म्हणाला. "तुला काय झालं असतं तर."

किशोरने मान हलवली, जसं काही हे त्याला आधीच ठाऊक होतं आणि त्याने त्याचा विचारही करून ठेवला होता. "झालं असतं तर झालं असतं," तो म्हणाला, आणि पुन्हा काही बोलला नाही.

कमळू त्याच्या शेजारी टायरावर बसला. त्याने पोराचा हात मनगटापाशी धरला. किशोरने तो सोडवून घेतला नाही, पण बापाचा हातही धरला नाही. माणसं निघून गेली, मांडव उतरवला, भूमिका दोनदा येऊन बघून गेली, तरी कमळूने त्याचा हात सोडला नाही.